सोळा आण्यांचा बर्फ

मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या प्रवासांचाही एक ठरलेला क्रम असतो. लहानपणी आजोळ, विद्यार्थिदशेत सिंहगड-रायगड, लग्नानंतर महाबळेश्वर किंवा माथेरान, मुले जरा जाणती झाली की राजस्थान नाहीतर दक्षिण, आणि सेवानिवृत्तीनंतर काशी नाहीतर चारधाम. या क्रमात बर्फाला स्वतंत्र जागा नाही. तो आपल्या वाट्याला येतो कुलू-मनालीच्या सहलीत, दुपारी बारा ते दीड या वेळात. भाड्याचा लांब कोट आणि भाड्याचेच गमबूट चढवायचे, एकमेकांच्या अंगावर दोन गोळे फेकायचे, चार फोटो काढायचे आणि मोटार चुकू नये म्हणून धावत परत यायचे. घरी आल्यावर आपण सांगतो, "बर्फ पाहिला." ते खरेही असते. पण पाहुणा नुसता पाहिला आणि चार दिवस घरात राहवून घेतला, यांत जो फरक आहे तो इथेही आहे.

बर्फाशी खरी ओळख करून घ्यायची तर पायांना दोन लांब फळ्या बांधून त्याच्यावरून घसरत जायला शिकले पाहिजे. पण 'स्कीइंग' हा शब्द निघाला की आपल्या डोळ्यांपुढे स्वित्झर्लंड उभे राहते. उंची हॉटेले, रंगीत पोशाख, शेकोटीपुढे बसलेली गोरी माणसे आणि या सगळ्याच्या तळाशी एक बिल! मग आपण समंजसपणे मान हलवतो आणि म्हणतो, "ते आपले काम नव्हे."

हा समज दूर व्हावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच. आमचे चौघांचे कुटुंब, म्हणजे मी, सौ., नववीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा, 2024 च्या फेब्रुवारीत गढवालातील औलीला जाऊन, आठवडाभर स्की शिकून, हातपाय शाबूत ठेवून पुण्याला परत आले. प्राध्यापकाच्या पगारात, घराचे हप्ते चालू असताना, कोणाकडून हातउसने न घेता हे जमले. यात माझे शहाणपण थोडे आणि आमच्या घरातील हिशेबाच्या वहीचे अधिक. ती वही सौ. लिहिते. त्या वहीतून जे शिकता आले ते वाचकांपुढे ठेवतो.

शब्दांवर पोट भरणाऱ्याने शब्दापासूनच सुरुवात करावी. 'स्की' हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतला. त्याचा मूळ अर्थ लाकडाची चिरफळी, उभे चिरलेले लाकूड. म्हणजे या वस्तूचा जन्म हॉटेलात नव्हे, सरपणाच्या ढिगाशेजारी झालेला आहे. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात शेजारच्या वाडीला जायचे, शिकार करायची, जळण आणायचे तर या फळ्यांवाचून गत्यंतर नव्हते. आधुनिक स्कीइंगचा जनक ज्याला मानतात तो नॉर्वेतील टेलेमार्क भागातला सोंद्रे नोर्हाइम (1825–1897) हा दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा गरीब कूळ होता. नान्सेनने 1888 मध्ये ग्रीनलंड ओलांडले ते या फळ्यांवरून, आणि 14 डिसेंबर 1911 रोजी अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला तेव्हाही स्की आणि कुत्र्यांच्या गाड्या हीच त्याची वाहने होती. बर्फ तर आकाशातून फुकट पडतो. महाग असते ती त्याच्या भोवतालची बडदास्त. ही बडदास्त वजा केली की मागे उरते ते आपल्याला परवडते, हे लक्षात आले आणि आमचे अर्धे काम झाले.

आता जायचे कुठे? आपल्या देशात सामान्य माणसाला शिकता येईल अशी ठिकाणे मुख्यतः तीन. पहिले काश्मीरमधील गुलमर्ग. सुमारे 2,650 मीटर उंची, नावाजलेला बर्फ आणि डोंगरावर चढवणारा मोठा पाळणा; त्याचा पहिला टप्पा 1998 साली सुरू झाला आणि दुसरा 2005 साली. तिथे स्कीइंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. परंतु 22 एप्रिल 2025 रोजी पहलगामजवळच्या बैसरन कुरणात 26 जणांची हत्या झाली, त्यांत आपल्या महाराष्ट्रातले पर्यटकही होते; त्यानंतर घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन तिकडे वळवणे सोपे राहिलेले नाही. ज्याने त्याने त्या वेळची स्थिती विचारून ठरवावे. दुसरे ठिकाण मनालीजवळची सोलंग दरी. मनालीची गिर्यारोहण संस्था 1961 साली स्थापन झाली. आज ती अटलबिहारी वाजपेयींच्या नावाने ओळखली जाते. हिवाळ्यात तिचे स्कीचे वर्ग सोलंगला भरतात. शिस्त कडक, मुक्काम साधा. घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर तिला एकटीला पाठवायला याहून चांगली जागा नाही.

तिसरे ठिकाण औली. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात, जोशीमठच्या डोक्यावर, सुमारे अडीच हजार ते तीन हजार मीटर उंचीवर पसरलेली ही गवताळ उतरण. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे जवान इथे बर्फावरचे शिक्षण घेतात आणि गढवाल मंडल विकास निगम ही सरकारी संस्था तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी हिवाळ्यात सात दिवसांचे आणि चौदा दिवसांचे वर्ग चालवते. आम्ही औली निवडली याची दोन कारणे. एक म्हणजे हे वर्ग नवशिक्यांसाठी असतात. दुसरे घरगुती. आमच्या आईला "आम्ही स्कीइंगला जातो" म्हटले असते तर तिने पहिल्यांदा डॉक्टरांना आणि मग माझ्या मामाला बोलावले असते. "जोशीमठला जातो" म्हटल्याबरोबर तिने देवापुढे ठेवायला अकरा रुपये काढून दिले आणि वर म्हणाली, "नृसिंहाचे दर्शन घ्या. हिवाळ्यात बदरीनाथाचे दार बंद असते, तेव्हा पूजा तिथेच होते."

आता हिशेब. आमच्या वहीत सौ. अजूनही रुपयाचे सोळा आणे पाडते. पैसे आणि पैशांचे दर बदलतात, वाटणी फारशी बदलत नाही. म्हणून रकमा न देता ती वाटणीच इथे देतो. प्रवासाला चार आणे, शिकवणीला आठ, वाटेतल्या मुक्कामाला आणि जेवणाला दोन, कपड्यांना एक आणि गाठीला एक. एकूण सोळा.

प्रवासाचे चार आणे म्हणजे रेल्वेचा शयनयान डबा आणि सरकारी बस. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने दिल्ली, दिल्लीहून हरिद्वार. मुंबईकरांना हरिद्वारची थेट गाडीही मिळते. शयनयानाचे दिल्लीपर्यंतचे भाडे आजही माणशी हजार रुपयांच्या आत आहे. विमानाने तीन दिवस वाचतात खरे, पण ते वाचवायला जे आणे मोजावे लागतात ते थेट शिकवणीच्या आठ आण्यांतून जातात. एक सावधगिरी मात्र हवी. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते. तेव्हा फेब्रुवारीच्या मध्यास जायचे असेल तर डिसेंबरच्या मध्यास सकाळी तयारीत बसावे. आणि शयनयानात उत्तरेकडची थंडी खिडकीच्या फटीतून येते, म्हणून घरच्या दोन सोलापुरी चादरी हाताशी ठेवाव्यात.

शिकवणीचे आठ आणे हा या साऱ्या बेताचा कणा. इथेच बहुतेक कुटुंबे उलटे करतात. ती जातात हवाई मार्गाने, उतरतात चांगल्या हॉटेलात आणि स्कीइंगसाठी उरतो एक तास. त्या तासाचे भाडे वेगळे, बुटांचे वेगळे, धरून ठेवणाऱ्या माणसाचे वेगळे. तासाभरात बूट चढवून होतात, दोनदा पडून होते, एक फोटो निघतो आणि वेळ संपते. तासाच्या हिशेबाने घेतलेली ही सर्वांत महाग गोष्ट. याउलट वर्गाला गेले की राहणे, जेवण, फळ्या, बूट, काठ्या आणि शिक्षक या सर्वांचा मिळून एकच आकार भरायचा असतो. अर्धा रुपया एकदम जातो म्हणून छातीत धस्स होते, परंतु त्यानंतर आठवडाभर खिशात हात घालण्याचे कारण फारसे पडत नाही. तारखा आणि आकार दर वर्षी बदलतात. निगमाच्या कार्यालयाकडे नोव्हेंबरातच विचारणा करावी, त्यात काय-काय येते आणि मुलांसाठी वयाची अट काय, हे लेखी घ्यावे.

वाटेतल्या मुक्कामाचे दोन आणे पुरतात, कारण हा यात्रेचा रस्ता आहे. पिढ्यान्पिढ्या गरीब यात्रेकरू ज्या वाटेने गेले त्या वाटेवर साधी खोली आणि पोटभर जेवण मिळतेच. आमच्या आजोबांच्या तोंडी काली कमलीवाल्यांच्या धर्मशाळांचे नाव असे, ते नाव आजही हृषीकेशला ऐकू येते.

कपड्यांचा एक आणा ऐकून शेजारच्या बाई हसल्या होत्या. "अहो, नुसत्या एका जॅकेटलाच तुमचे सोळा आणे जातील!" पण जॅकेट विकत घेतो कोण? एका जाड कपड्यापेक्षा एकावर एक घातलेले तीन पातळ कपडे अधिक ऊब देतात, कारण त्यांच्या मध्ये हवा कोंडून राहते. पेटीतले जुने लोकरी स्वेटर बाहेर काढले. आत्याने विणलेला, आजवर संकोचाने न घातलेला हिरवागार स्वेटर औलीला सर्वांत उपयोगी पडला. सुती बनियन आणि सुती मोजे मात्र टाळावेत. ते घामाने भिजतात आणि मग अंगाला थंडी लावून बसतात. पाणी आत न शिरू देणारी विजार तिथेच भाड्याने मिळते. विकत घ्यायच्या त्या तीनच गोष्टी: लोकरी मोज्यांचे दोन जोड, चांगले हातमोजे आणि काळा चष्मा. चष्म्यावर काटकसर नको. बर्फावरून उलटलेले ऊन डोळ्यांना उघड्या उन्हापेक्षा अधिक इजा करते. फुटलेल्या ओठांना कोकणातले कोकमाचे तेल. ते आमच्याबरोबर होते आणि तिसऱ्या दिवशी साऱ्या वर्गात त्याची वाटी फिरली.

उरलेला एक आणा गाठीला. डोंगरात दरड कोसळते, बर्फाने रस्ता बंद होतो, एखादा दिवस अडकून पडावे लागते. तो आणा न वापरता परत आणावा, पण न घेता जाऊ नये. ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास आहे, ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. अपघाताचा विमा उतरवावा; त्यातही बर्फावरील खेळ धरले आहेत की नाहीत हे बारीक अक्षर वाचून पाहावे.

रजेचे काय, असा प्रश्न उरतो. आपल्या सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. बर्फ पडतो जानेवारी ते मार्च. जायला चार दिवस, वर्गाला सात आणि यायला तीन, असे दोन आठवडे लागतात. मी साठवलेली रजा घेतली. मुलांच्या शाळेत अर्ज दिला आणि परत आल्यावर दोघांनी शाळेत बर्फाविषयी सांगावे या अटीवर तो मंजूर झाला. दहावी-बारावीचे वर्ष असेल त्या घराने मात्र हा बेत एक वर्ष पुढे ढकलावा.

हरिद्वारहून बस पहाटे अंधारात सुटते. हृषीकेश मागे पडले की रस्ता गंगेला धरतो आणि मग दिवसभर सोडत नाही. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एकत्र येताना दिसतात. दोघींच्या पाण्याचे रंग वेगळे, ते वरूनही ओळखू येतात. पुढे रुद्रप्रयागला मंदाकिनी, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी. शाळेत पाठ केलेली नावे एकेका वळणावर नदी होऊन समोर येतात. चिरंजीवांना बस लागत होती. तेव्हा कर्णाची गोष्ट सांगत कर्णप्रयाग गाठला. हृषीकेशपासून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर. संध्याकाळी पोहोचलो तेव्हा समोरच्या शिखरांवर शेवटचे ऊन होते आणि खाली गावात दिवे लागले होते.

हे जोशीमठ म्हणजे आद्य शंकराचार्यांच्या चार मठांपैकी उत्तरेचे ज्योतिर्मठ. जिभेवर घासून-घासून ज्योतिर्मठाचे जोशीमठ झाले. 2024 साली सरकारने तहसिलाला पुन्हा जुने नाव दिले, पण बसचा कंडक्टर अजून "जोशीमठ, जोशीमठ" असेच ओरडतो. भाषेच्या माणसाला या मुलखात पावलोपावली धन सापडते. गढवाली लोक बर्फाला 'ह्यूं' म्हणतात आणि हिवाळ्याला 'ह्यूंद'. त्यांत आपले 'हिम' तोंड लपवून बसलेले आहे. जेवणाच्या ताटातही असेच झाले. 'मंडुवा' नावाची काळसर भाकरी पुढे आली, ती आपली नाचणी! 'गहत' म्हणून डाळ वाढली, तो आपला कुळीथ! सौ.ने एक घास घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन थेट फोडणीची चर्चा सुरू केली.

उंचीची सवय व्हावी म्हणून एक दिवस जोशीमठला थांबून आम्ही वर औलीला गेलो. सकाळी दार उघडले आणि समोर नंदादेवी उभी होती, 7,816 मीटर. त्या दृश्याचे वर्णन मी करणार नाही. वर्गात तीस मुलांना निसर्गवर्णन शिकवणारा माणूस तिथे दहा मिनिटे गप्प उभा होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आमचे शिक्षक जवळच्याच गावचे, तिशीतले तरुण. त्यांनी पहिल्या दिवशी फळीला हात लावू दिला नाही. फक्त बूट. हे बूट म्हणजे पायाला घातलेली पेटीच. घोटा वाकत नाही आणि चालताना माणूस गणपतीच्या मिरवणुकीतल्या यांत्रिक देखाव्यासारखा हलतो. त्यांचे एक म्हणणे मला पटले: बूट चावत असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच बदलून घ्या, भिडेखातर घालून बसू नका. दुसऱ्या दिवशी फळ्या बांधल्या आणि पहिला धडा दिला तो पडण्याचा. पडायचे ते कुशीवर, पुढे हात टेकून नव्हे. उठताना फळ्या उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता-उठताच पुन्हा घसरायला होते. मग आडवे पाऊल टाकत, जिना चढावा तसे उतारावर चढायचे. पहिले दोन-तीन दिवस पाळण्याची गरजच नव्हती. जितके घसरायचे तितके आधी आपल्या पायांनी चढायचे. यात पैसे वाचले आणि थंडीही पळाली.

तिसऱ्या दिवशी 'नांगर'. फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब केली की नांगराचा आकार होतो, कडा बर्फात रुततात आणि वेग मरतो. नवशिक्याचा सारा संसार या नांगरावर. चौथ्या दिवशी वळणे. इथे आमच्या घरात मतभेद झाले, कारण शिक्षक सांगत होते ते व्यवहाराच्या उलट होते. उजवीकडे वळायचे तर भार डाव्या पायावर द्या. उतार भिववील तेव्हा मागे रेलू नका, गुडघे वाकवून पुढे झुका. मन मागे ओढते, कारण मागे रेललेले सुरक्षित वाटते. पण मागे रेलले की फळ्या हातातून सुटतात, म्हणजे पायांतून. पुढे झुकले की त्याच फळ्या आज्ञाधारक होतात. मुलीला हे एका सकाळीत साधले. सौ.ला दोन दिवस लागले. मला जमले ते सहाव्या दिवशी दुपारी. सुमारे साठ-सत्तर पावलांचा तो उतार मी न पडता, दोन वळणे घेऊन उतरलो आणि खाली थांबलो. चिरंजीव ओरडले, "बाबा, पुन्हा!" आयुष्यात फार थोड्या व्याख्यानांनंतर मला 'पुन्हा' असे कोणी म्हटले आहे.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, बेत चांगला आहे. मुले मोठी झाली, हप्ते फिटले की जाऊ. त्या वाचकासाठीच पुढचे दोन परिच्छेद लिहितो आहे.

जोशीमठहून औलीला जाणारा सुमारे चार किलोमीटरांचा रज्जुमार्ग हे त्या गावाचे भूषण होते. जानेवारी 2023 मध्ये गावाची जमीन खचू लागली, आठशेहून अधिक घरांना तडे गेले, राहण्यास धोकादायक घरांवर तांबड्या फुल्या मारल्या गेल्या आणि रज्जुमार्ग बंद करावा लागला. आम्ही रस्त्याने जीपने वर गेलो. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेले आहे, इथे जड बांधकाम नको, असे मिश्रा समितीने 1976 सालीच बजावले होते. आम्ही ज्या घरी उतरलो तिथल्या मालकीणबाईंनी सौ.ला माजघरातला तडा दाखवला. तो दोनदा लिंपून झाला होता. "दीदी, रात्री लाकूड वाजले तरी जाग येते," त्या म्हणाल्या. पूर्वी हिवाळ्यात त्यांच्या दोन्ही खोल्या भरत. पाळण्यासाठी लोक गावात मुक्काम करत. आता बरेचसे लोक मोटारीने थेट वर जातात आणि तशीच खाली उतरतात. आम्ही जाताना एक दिवस आणि परतताना एक रात्र त्यांच्याकडे राहिलो. दोन आण्यांतला मोठा वाटा त्यांच्या हाती पडला याचे समाधान वाटले. अशा गावाला पाहुणा हवा, पण तो हलका हवा. बादलीभर पाण्यात भागवणारा, घरचे शिजलेले जेवणारा, आपला कचरा पिशवीत बांधून खाली नेणारा. स्वस्तात फिरणारे आपण आपसूकच असे पाहुणे होतो.

आणि बर्फ? त्याचाही भरवसा पूर्वीसारखा उरलेला नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गसारख्या ठिकाणी मैदाने उघडी पडली होती. आमच्या नशिबाने फेब्रुवारीच्या आरंभी सगळीकडे बर्फ पडला. 2025 साली गुलमर्गच्या हिवाळी खेलो इंडिया स्पर्धा 22 फेब्रुवारीला व्हायच्या, त्या बर्फाअभावी पुढे ढकलून 9 ते 12 मार्चला घ्याव्या लागल्या. औलीच्या स्पर्धांवरही अशी पाळी एकाहून अधिक वेळा आली आहे. तिथे बर्फ तयार करणारी यंत्रे आहेत, पण त्यांनाही हवा गोठवणारी लागते. थंडीच नसेल तर यंत्र काय करणार? म्हणून जाण्यापूर्वी आठ दिवस दूरध्वनी करून बर्फाची चौकशी करावी. तारखा शक्यतो फेब्रुवारीतल्या घ्याव्यात. आणि बर्फ रुसलाच तर वरच्या गुरसो बुग्यालपर्यंत चालत जाण्याची तयारी ठेवावी. बुग्याल म्हणजे उंचावरचे कुरण. नंदादेवी तिथूनही दिसते आणि तिला काही आकार पडत नाही.

आपण मध्यमवर्गीय माणसे आनंद पुढच्या तारखेवर टाकण्यात पटाईत असतो. चांगली कपबशी पाहुण्यांसाठी, चांगले लुगडे लग्नासाठी आणि दूरचा प्रवास निवृत्तीनंतर. काशी थांबते, रामेश्वर थांबते. देव आपल्या जागी बसलेले आहेत. पण साठीतले गुडघे फळ्यांवर उभे राहत नाहीत, सातवीतला मुलगा वीस वर्षांनी "बाबा, पुन्हा" म्हणत नाही, आणि तो उतार आणि त्याच्या खालचे ते गाव आपल्या सवडीने जागेवर राहील असे कोणी लिहून दिलेले नाही. घराचे हप्ते पुढील महिन्यातही असतील. ते आमचेही आहेत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. भाऊबीज झाली की घरातल्या हिशेबाच्या वहीत एक कोरे पान काढावे. त्यावर सोळा आण्यांची वाटणी मांडावी आणि नोव्हेंबरापासून जानेवारीपर्यंत दर महिन्याला जमेल ते बाजूला ठेवावे. या वर्षी रक्कम भरली नाही तर पान फाडू नये, पुढल्या वर्षी तिथूनच पुढे चालू करावे. आमचे पान भरायला दोन दिवाळ्या लागल्या. सध्या सौ.ने नवे पान काढले आहे. त्यावर 'चौदा दिवसांचा वर्ग' एवढेच लिहिले आहे आणि त्याखाली पहिल्या महिन्याची रक्कम मांडली आहे. शेजारच्या बाईंनीही परवा येऊन विचारले, वर्गाला अर्ज कुठे करायचा आणि कोकमाचे तेल किती न्यायचे.